तेहतीस भोकांचं वाण

टोंगा या देशाशी माझं काहीही वाकडं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात या विषयावर अजून दोन मतं आहेत. एक माझं आहे. दुसरं बाकी सगळ्यांचं.

आम्ही राहतो डब्लिनच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनमध्ये. आम्ही म्हणजे मी, बायको स्वाती, नऊ वर्षांची लेक ईरा (तिच्याशी मराठीत बोललं की ती आयरिश इंग्रजीत उत्तर देते, आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही), आणि २०२० साली, सासूबाई. सासूबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मग विमानं बंद झाली. मार्चमध्ये त्या पाहुण्या होत्या. मे महिन्यात त्यांनी मसाल्याच्या डब्याची जागा बदलली. ऑगस्टपर्यंत पाहुणा मी झालो होतो, आणि मीठ हवं असेल तर विचारून घेत होतो.

स्वाती टॅलाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या वॉर्डात मेले नावाची एक नर्स आहे, ती मूळची टोंगाची. टोंगा हा देश प्रशांत महासागरात आहे. नकाशात शोधायचा झाला तर आधी चष्मा पुसून घ्यावा, म्हणजे ठिपका काचेवर आहे की समुद्रात, ते नक्की होतं. तर या मेलेने वर्षाच्या सुरुवातीला एक सहल ठरवली होती. दोन आठवडे टोंगाला जायचं, गावातल्या बायकांबरोबर जमिनीवर बसायचं आणि पँडॅनस नावाच्या झाडाच्या पानांच्या चटया विणायला शिकायचं. स्वातीने उत्साहाने नाव दिलं होतं. करोनाने सहल बुडवली. पण मेले हार मानणारी बाई नव्हे. तिने ठरवलं की टोंगाला जाता येत नसेल तर टोंगाच व्हिडिओवर आणायचा!

पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी 'सांस्कृतिक सहल' झाली. इकडे डब्लिनला शुक्रवारची संध्याकाळ असते तेव्हा तिकडे शनिवारची सकाळ उजाडलेली असते. मेलेची मावशी हातात फोन धरून आम्हाला गाव दाखवत चालली होती. त्या सहलीत आम्ही एक डुक्कर, एका चर्चची मागची भिंत आणि मावशीचा अंगठा एवढं पाहिलं. त्यातला अंगठा सर्वांत जास्त वेळ पाहिला. शेवटी मावशी एका लांबलचक खोलीत शिरली. तिथे बायका ओळीने बसून विणत होत्या आणि विणता विणता दबक्या आवाजात काहीतरी बोलत होत्या. सासूबाई इतका वेळ सोफ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्या उठून स्क्रीनपाशी आल्या आणि म्हणाल्या, "हे काय बोलून राहिल्या ते समजून राहिलं मला. कोणाच्या तरी सुनेबद्दल आहे."

मेलेला मी ते भाषांतर करून सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, अगदी बरोबर आहे. त्या क्षणापासून सासूबाई आणि मेले यांची गट्टी जमली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे मतभेद व्हायला वाव नव्हता.

पुढच्या शनिवारी वर्ग सुरू झाला. मेले स्वतः येऊन फाटकावर पट्ट्यांच्या गुंडाळ्या ठेवून गेली. पानं उकळून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, वाळवून, त्यांच्या पट्ट्या काढलेल्या असतात. सासूबाईंनी एक पट्टी नाकाशी धरली, उजेडात धरली, दोन बोटांत ओढून पाहिली आणि जाहीर केलं, "हा तं केवडा आहे." मी नम्रपणे सुचवलं की प्रशांत महासागरात केवडा कुठून येणार. मेलेने झाडाचा फोटो पाठवला. केवडाच होता, निदान त्याचा सख्खा चुलतभाऊ.

मी त्या वर्गाला का बसलो, हा प्रश्न मला नंतर अनेकांनी विचारला. खरं सांगायचं तर स्वातीच्या ड्यूट्या शनिवारी लागायला लागल्या आणि पैसे भरलेली जागा फुकट जाऊ नये म्हणून मी बसलो. शिवाय मला असं वाटत होतं की मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि विणणं म्हणजे शेवटी एक पट्टी वर आणि एक खाली. शून्य आणि एक! आमचा धंदाच तो. मी हे मेलेला समजावूनही सांगितलं. ती "ग्रँड," म्हणाली. आयर्लंडमध्ये 'ठीक आहे' म्हणायच्या या शब्दाचे जितके अर्थ होतात, त्यातला सगळ्यात काळजीचा अर्थ मी तेव्हा ओळखला नाही.

वर्गात काय झालं ते थोडक्यात सांगतो. माझ्याबरोबर वर्गाला बसलेल्या सासूबाईंची चटई सरळ जात होती. माझी चटई डावीकडे वळली, मग तिला पश्चात्ताप झाला आणि ती परत उजवीकडे आली. मेले दर शनिवारी सासूबाईंचं काम कॅमेऱ्यासमोर धरायला सांगायची. माझं काम दाखवायची वेळ आली की तिला नेमका चहा आठवायचा. ईरा माझ्या मागे उभी राहून म्हणायची, "डॅडी, इज इट मेंट टू डू दॅट?" मी तिला गृहपाठाला पाठवायचो.

आता मला न सांगता घरात काय शिजत होतं ते सांगतो. (मला हे सगळं नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.)

त्या वर्षी सप्टेंबरात अधिक महिना लागला. दर तीन वर्षांनी आपल्या पंचांगात हा एक महिना जास्तीचा येतो. तो नारायणाचा. त्या महिन्यात लेक म्हणजे लक्ष्मी, जावई म्हणजे नारायण, आणि नारायणाला वाण द्यायचं ते जाळीदार, आणि तेहतिसाच्या हिशेबात. अनारसे देतात, बत्तासे देतात, ज्याला अंगभर भोकं आहेत असं काहीही देतात. जाळीदारच का, असं मी पुढे एकदा सासूबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

लग्न झाल्यापासून आम्ही परदेशात, त्यामुळे सासूबाईंना हे वाण स्वतःच्या हाताने कधी देता आलं नव्हतं. मागच्या अधिक महिन्यात त्यांनी नागपूरहून अनारसे पाठवले. ते पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला होता आणि आम्ही तो दुधात घालून चमच्याने खाल्ला. हे स्वातीने त्यांना फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं होतं. त्यानंतर आता, विमानं बंद पडल्याच्या कृपेने, लेक-जावई समोर होते, अधिक महिना होता आणि हात रिकामे होते. सासूबाईंनी ठरवलं की या खेपेला वाण हातात द्यायचं, आणि आपल्या हाताने केलेलंच द्यायचं.

त्यांनी अनारसे करून पाहिले. तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले, गुळात मुरवले. पण डब्लिनच्या हवेत वाळवणं ही कल्पनाच मुळात धाडसाची आहे. तुपात सोडल्याबरोबर पहिला अनारसा हसला. (अनारसा हसला म्हणजे तुपात विरघळून पसरला. करणारीला मात्र रडू येतं.) दुसरा हसला, तिसरा हसला, मग सगळी कढई हसायला लागली. मला संध्याकाळी सांगण्यात आलं की हा एक नवीन पदार्थ आहे, आणि मी तो दोनदा मागून घेतला.

मग त्यांना मेले आठवली. टोंगात मोठ्या माणसांसमोर जाताना, चर्चमध्ये जाताना, मानाच्या प्रसंगी कमरेभोवती चटई गुंडाळतात. आपण खांद्यावर उपरणं टाकतो, तसं. तिला ताओवाला म्हणतात. बायकांचा एक प्रकार जाळीदार असतो, पुरुषांची चटई भरीव असते. सासूबाईंनी ईराला दुभाषी करून मेलेला फोन लावला आणि जावयासाठी कमरेची चटई शिकवायला सांगितली, पण भोकांची. मेलेने दोन वेळा समजावलं की पुरुषांच्या चटईला भोकं नसतात. सासूबाईंनी दोन्ही वेळा एकच निरोप पाठवला: आमच्या जावयाला लागतात.

असा तो उद्योग दुपारच्या वेळी, मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगांमध्ये असताना, खाली स्वयंपाकघरात सुरू झाला. विणायचं, मधे मोजून जागा सोडायची, परत विणायचं. मी जिना उतरायला लागलो की ईरा खोकायची. सगळा माल हॉट प्रेसमध्ये लपवला जायचा. हॉट प्रेस म्हणजे आयरिश घरातलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. त्यात आम्ही टॉवेल ठेवतो, दही लावतो, आणि वेळ आलीच तर वाणही लपवतो.

मी टॉवेल घ्यायला गेलो होतो. बाकी काही उद्देश नव्हता.

टॉवेलांच्या मागे, विणून पुरी झालेली, ब्लाउजपीसात गुंडाळलेली ती चटई मला सापडली. अतिशय सुंदर काम होतं. काठ सरळ, वीण घट्ट, आणि मधे मधे चक्क भोकं! एक नाही, दोन नाही, सगळीभर. गेल्या महिन्यापासून सासूबाई म्हणत होत्या की चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं, आणि मी नुसतं हो हो म्हटलं होतं. बिचारीला पट्ट्या दिसत नव्हत्या. सुटत होत्या. ते लक्षात आल्यावर तिने ही चटई लाजून टॉवेलांमागे लपवली होती. सहा महिने एका परक्या देशात अडकलेली बाई, एका गोष्टीत तिला मान मिळत होता, आणि तिथे डोळ्यांनी दगा दिला होता. मला खरोखर वाईट वाटलं.

(आणि थोडं बरंही वाटलं. निदान एका बाबतीत तरी मी पुढे होतो.)

मी भोकं मोजली. तेहतीस निघाली. या वयात तेहतीस चुका म्हणजे काही फार नव्हेत, असं मी मनाशी म्हणालो, आणि त्यांना न दुखावता ते काम गुपचूप निस्तरायचं ठरवलं. स्वातीलाही सांगायचं नाही. उपकार करायचा तर असा करावा की समोरच्याला कळू नये, असं आमच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं आहे.

पुढचे चार-पाच दिवस मी ऑफिसच्या मीटिंगांमध्ये जितका एकाग्र दिसलो, तितका नोकरीला लागल्यापासून दिसलो नव्हतो. कॅमेऱ्यात माझा चेहरा गंभीर. टेबलाखाली मांडीवर चटई. माझ्या उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे कापायचे, रंगाला रंग जुळवायचा, भोकात वरून-खालून सरकवायचे. पण मला माझी वीण माहीत होती. ती टिकणार नाही म्हणून मी गॅरेजमधून लाकूड चिकटवायचा गोंद आणला आणि प्रत्येक भोकाला आतून बाहेरून सढळ हाताने लावला. चटई रोज होती तशी सुरळी करून, ब्लाउजपीसात गुंडाळून परत टॉवेलांमागे. हॉट प्रेसची ऊब असल्यामुळे गोंद फार छान वाळला.

अधिक महिन्याचा शेवटचा शनिवार आला. सकाळी स्वातीने मला झब्बा घालायला सांगितला. मी कारण विचारलं तर म्हणाली, आईची इच्छा आहे, वाद घालू नकोस. डब्लिनच्या ऑक्टोबरात झब्बा म्हणजे आतून लोकरीचे दोन थर, त्यामुळे माझी आकृती जरा भरदार दिसत होती. मागच्या अंगणात पाट मांडला होता. (पाट म्हणजे ईराचं बेसिनपाशी उभं राहायचं स्टूल.) भोवती रांगोळी काढली होती, त्यातली निम्मी वाऱ्याने शेजाऱ्यांकडे गेली होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या एकाच घरच्या माणसांना बोलावता येत होतं, म्हणून मेले आली होती आणि मास्क लावून, कोट घालून, अंतर राखून खुर्चीत बसली होती. आतून पुरणाचा वास येत होता. मी पाटावर बसलो. मला ओवाळलं गेलं. मला आवडलं.

मग सासूबाई ताट घेऊन आल्या. ताटात दिवा, सुपारी आणि ब्लाउजपीसात गुंडाळलेलं काहीतरी. स्वाती मला हलक्या आवाजात सांगायला लागली की हे अधिक महिन्याचं वाण आहे, आईने तुझ्यासाठी स्वतः केलंय, महिनाभर खपतेय. सासूबाईंनी कापड बाजूला केलं. चटई उलगडली. मेलेने टाळ्या वाजवायला हात वर केले आणि तसेच ठेवले.

सासूबाईंनी चटई उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी केली. बोटं सगळीकडून फिरवली. मग माझ्याकडे पाहून अगदी शांतपणे विचारलं, "जावईबापू, भोकं कुठं गेली?"

हाच तो क्षण, असं मला वाटलं. उपकार उघडकीला आलाच होता, तर आता लाजण्यात अर्थ नव्हता.

"काळजी करू नका आई," मी म्हणालो, "मी बुजवली. एकूण एक. तेहतीसच्या तेहतीस."

आणि मी कौतुकाची वाट पाहत बसलो.

मेलेने वर धरलेले हात हळूच खाली घेतले. मग स्वातीने मला जाळीदार वाणाची सगळी कथा सांगितली, आणि ती अशा आवाजात सांगितली की मधे शंका विचारायची सोय नव्हती. मी ऐकत गेलो आणि पाटावर बसल्या बसल्या लहान होत गेलो.

त्यानंतर दुरुस्तीचे प्रयत्न झाले. मेलेने नखाने एक तुकडा उचकटून पाहिला. नख तुटलं. स्वातीने विणायची सुई आणली, ती वाकली. मी गॅरेजमधून स्क्रूड्रायव्हर आणतो म्हणालो, तेव्हा तिघींनी एकाच वेळी मला बस म्हणून सांगितलं. त्यातल्या एकीने टोंगाच्या भाषेत सांगितलं, पण कळलं. आजवर मी लावलेली फळी पडली आहे, मी बसवलेला नळ गळला आहे, मी लिहिलेलं सॉफ्टवेअर तर रोजच पडतं. आयुष्यात माझ्या हातून झालेलं पहिलं पक्कं काम हे निघालं.

भोकं असलेली दुसरी वस्तू शोधायला ईरा आत धावली. तिने आधी चाळणी आणली. जावयाला चाळणी द्यायची म्हणजे अपमान, म्हणून ती परत गेली. मग तिने स्वयंपाकघरातल्या कपाटातून क्रंपेट्सचं पाकीट आणलं. क्रंपेट हा इकडचा जाड पाव असतो, त्याला वरून अनारशासारखी हुबेहूब जाळी असते. मला ही कल्पना पसंत पडली आणि मी तसं बोलून दाखवलं. सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं, सगळीकडून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"विकतचंच द्याचं होतं तं नागपूरवरून नसतं का पाठवलं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली लग्नाला. हातानं काही देता नाही आलं तुम्हाला. या वर्षी समोर होते, तं म्हटलं देऊन टाकू."

बस एवढंच बोलल्या, आणि पदराने दिव्याला वाऱ्याचा आडोसा करत बसल्या. मी सासूबाईंना कितीही चिडवत असलो तरी तेव्हा मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी कसंबसं म्हणालो की आई, माझी चूक झाली, मला वाटलं तुम्हाला दिसत नाही. त्यावर त्यांनी मला विचारलं की काय दिसत नाही, आणि मी चष्म्याचा, सुटलेल्या पट्ट्यांचा, लाजून लपवलेल्या चटईचा सगळा तर्क सविस्तर सांगितला. त्या ऐकून घेत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडावरचं दुःख हळूहळू कमी होत गेलं आणि त्या जागी एक निराळाच भाव आला. डॉक्टर एक्स-रे बघताना त्यांच्या तोंडावर असतो, तसला.

"सरळ बसा," त्या म्हणाल्या. "वाण माझ्या हातचं आहे, ते काही बदललं नाही. अन् भोकांचं म्हणाल, तं वाणातच पायजे असं कुठं आहे? जावयाच्या डोक्यात आहेत तेवढी पुरतात."

त्यांनी मला कुंकू लावलं आणि चटई माझ्या हातात ठेवली. मेलेने ईराला विचारलं की आजी काय म्हणाली.

"शी सेज डॅड हॅज इनफ होल्स इन हिज हेड," ईरा म्हणाली, "सो इट्स ग्रँड."

मेलेने मान डोलावली. तिला हे कुठेतरी आधीपासून पटलेलं असावं. मग तिने पुढे होऊन चटई माझ्या कमरेला गुंडाळली आणि दोरीने आवळून बांधली. मोठ्यांच्या समोर ती सोडायची नसते, कार्य आटपेपर्यंत अंगावर ठेवायची असते, असं तिने बजावलं. वाणाचंही तसंच असतं, असं सासूबाईंनी लगेच सांगितलं. दोन्ही देशांचं यावर एकमत झालं.

मी नमस्काराला वाकायला गेलो. वाकता येईना. तेहतीस ठिकाणी गोंद पिऊन वाळलेली ती चटई कमरेभोवती वळली खरी, पण छातीपासून मांड्यांपर्यंत दारासारखी ताठ उभी होती. मी आणखी एकदा जोर लावला, तेव्हा कुठून तरी कडकड असा आवाज आला, आणि तो चटईचा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, राहू द्या, आज तुम्ही नारायण आहात, नारायण कोणापुढे वाकत नसतो. मोठ्या मनाची बाई!

नारायणाला बसताही येत नव्हतं, हे पानं मांडल्यावर लक्षात आलं. पुरणपोळीचं साग्रसंगीत जेवण त्या दिवशी देवाने फ्रिजला टेकून, उभ्याने केलं.